राहुलाचे दायज्ज आणि कोसंबींचे घर

गेल्या वर्षावासात मुरबाड तालुक्यातील एका विहारात ग्रंथवाचनास जाण्याचा योग आम्हांस आला. पावसाळी दिवस, भातलावणी नुकतीच आटोपलेली, त्यामुळे उपस्थिती चांगली होती. बाबासाहेबांच्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातील सिद्धार्थाच्या परिव्रज्येचा भाग त्या सायंकाळी वाचला गेला. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात उद्भवलेला कलह आमच्या या भागातील श्रोत्यांना फारसा समजावून द्यावा लागत नाही. तानसा आणि भातसा ज्यांच्या शिवारातून मुंबईला पाणी पुरवितात आणि तरीही ज्यांच्या पाड्यांवर उन्हाळ्यात हंड्यांच्या रांगा लागतात, त्यांना पाण्याचे भांडण म्हणजे काय हे ठाऊक असते. सिद्धार्थ आणि यशोधरा यांचा निरोपाचा संवाद वाचून झाल्यावर नववीत शिकणारी एक मुलगी उठली आणि तिने विचारले, "सर, यशोधरेला विचारलं, आईवडिलांनाही सांगितलं. राहुलला कोणी विचारलं होतं का?"

सभेत थोडे हसू उमटले. तान्ह्या मुलाला काय विचारणार, असे कोणी तरी मागून म्हणालेही. आम्ही मात्र हसलो नाही, कारण ती मुलगी कोणाची हे आम्हांस ठाऊक होते. तिचे वडील शहापूर-मुरबाड परिसरातील धम्मकार्यात गेली वीस वर्षे वावरणारे, वक्तृत्वाने सभा जिंकणारे गृहस्थ आहेत. लग्नविधी असो, पुण्यानुमोदन असो, जयंतीची मिरवणूक असो, त्यांच्यावाचून अडते. घरी मात्र ते फारसे नसतात, आणि असतात तेव्हा घर धाकात असते. बावीस प्रतिज्ञांचा अर्थ शेजारच्या वस्तीला ते ज्या शांतपणे समजावतात, त्या शांतपणाचा वाटा स्वतःच्या मुलांच्या वाट्यास क्वचितच येतो. हे आम्ही निंदा म्हणून लिहीत नाही. ज्यांनी हे नियतकालिक चालविले त्यांच्यापैकी काहींच्या घरीही हेच होते, आणि आमच्यातले काही जण त्याच घरांतून वाढलेले आहेत.

त्या सायंकाळी दिलेले उत्तर अपुरे होते. ते येथे विस्ताराने मांडण्याचा हा प्रयत्न.

प्रथम राहुलाविषयी पालि वाङ्मय काय सांगते ते पाहू. पुत्रजन्माची वार्ता ऐकताच बंधन उत्पन्न झाले असे उद्गार सिद्धार्थाने काढले आणि त्यावरून मुलाचे नाव राहुल पडले, ही कथा सर्वपरिचित आहे. परंतु ती जातकट्ठकथेच्या निदानकथेतील, म्हणजे बऱ्याच उत्तरकालीन थरातील आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. विनयपिटकातील महावग्गाचा वृत्तान्त अधिक जुना आणि अधिक बोलका आहे. बोधिप्राप्तीनंतर भगवान कपिलवस्तूस आले तेव्हा राहुलमातेने मुलाला त्यांच्याकडे बोट करून दाखविले आणि हे तुझे पिता, यांच्याकडे जाऊन आपले दायज्ज माग, असे सांगितले. दायज्ज म्हणजे वारसाहक्क. मुलगा जाऊन उभा राहिला. त्याने प्रथम वारसा मागितला नाही. या श्रमणाची सावली सुखाची आहे, एवढेच तो बोलला. भगवान आसनावरून उठून चालू लागले तेव्हा तो मागोमाग वारसा मागत गेला, आणि भगवंतांनी सारिपुत्ताला त्याला प्रव्रज्या देण्यास सांगितले.

अट्ठकथाकारांच्या मते राहुल त्या वेळी सात वर्षांचा होता. सात वर्षांच्या मुलाला पित्याची प्रथम भेट होते आणि वारसा म्हणून चीवर मिळते! श्रद्धाळू मनाला यात केवळ मांगल्य दिसते. विनयपिटकाने मात्र कथा येथे संपविलेली नाही, आणि हेच त्या ग्रंथाचे मोठेपण होय. शुद्धोदन भगवंतांकडे आला आणि त्याने तक्रार केली. आपण गेलात तेव्हा दुःख झाले, नंद गेला तेव्हाही झाले, राहुल गेल्याने ते अतोनात झाले, पुत्रप्रेम कातडी भेदून मांस, स्नायू, अस्थी यांतून थेट मज्जेपर्यंत जाते, या आशयाचे त्याचे बोलणे आहे. भगवंतांनी ते ऐकून घेतले आणि नियम केला की, मातापित्यांच्या अनुज्ञेवाचून कोणालाही प्रव्रज्या देऊ नये. एका आजोबांच्या रडण्यातून संघाचा एक कायदा जन्मास आला. आजही उपसंपदेच्या वेळी उमेदवाराला जे प्रश्न विचारले जातात त्यांत मातापित्यांची अनुज्ञा आहे काय, हा प्रश्न असतोच.

त्या मुलीच्या प्रश्नाचा रोख नेमका येथेच लागतो. नियम मुलगा जाऊ लागला तर आईवडिलांना विचारा, असे सांगतो. पिता जाऊ लागला तर मुलाला विचारा, असे सांगणारा नियम नाही.

दुसरी एक हकीकत फारशी सांगितली जात नाही. उपसंपदा न झालेल्याने भिक्षूसोबत एका छताखाली झोपू नये, असा नियम झाल्यावर कोसंबी नगरीत भिक्षूंनी राहुल सामणेराला आपल्याकडे झोपू दिले नाही. त्याला जागा मिळेना. तो कोणाकडे तक्रार घेऊन गेला नाही. बुद्धांच्या शौचकुटीत जाऊन झोपला. पहाटे भगवान तेथे गेले, बाहेर उभे राहून खाकरले, आतून राहुलही खाकरला. कोण आहे, असे विचारता, मी राहुल, असे उत्तर आले. त्यानंतर दोन-तीन रात्री एकत्र निवासाची मुभा देणारी दुरुस्ती नियमात झाली. ज्याच्या पित्यापुढे राजे हात जोडून उभे राहत, त्या मुलाला रात्री निजण्यास जागा नव्हती, आणि ज्या भिक्षूंनी ती नाकारली ते दुष्ट नव्हते, नियमनिष्ठ होते. प्रसिद्ध पित्याच्या मुलाच्या वाट्याला येणारा हा एकटेपणा किती अचूक टिपला गेला आहे! पिता सर्वांचा असल्याने मुलाने आपल्यासाठी काही मागणे हेच संकोचाचे होऊन बसते.

याउलट मज्झिमनिकायातील अम्बलट्ठिक-राहुलोवाद सुत्तात पिता स्वतः चालत मुलाकडे येतो. राहुल आसन मांडतो, पाय धुण्यास पाणी ठेवतो. पाय धुतल्यावर भांड्यात उरलेले थोडे पाणी दाखवून भगवान त्याला खोटे बोलण्याविषयी समजावतात. पाणी ओततात, भांडे उपडे करतात, पुन्हा सरळ करून रिकामे दाखवितात. उपदेशाचे साधन मुलानेच आणलेले भांडे आहे. पुढे आरशाचा दृष्टान्त देऊन, कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर तपासून पाहा, एवढेच सांगितले आहे. सम्राट अशोकाने भाब्रूच्या लेखात ज्या धम्मपर्यायांची शिफारस केली त्यांत मृषावादाविषयीचा हा राहुलोवाद आहे. त्या लेखातील उल्लेख त्रिपिटकात नेमके कोठे सापडतात याविषयी १९१२ मध्ये 'इंडियन अँटिक्वेरी'त लेख लिहिणारे विद्वान होते धर्मानंद दामोदर कोसंबी. त्यांच्याकडे वळण्याचे कारण केवळ हा लेख नव्हे. राहुलाची गोष्ट आधुनिक काळात महाराष्ट्र-गोव्याच्या एका घरात जवळजवळ तशीच घडली आणि त्या घरातील तीन पिढ्यांनी लेखन केले, म्हणून ती आपल्याला तपासता येते.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ येथे झाला. शालेय शिक्षण जुजबी, विवाह १८९१ मध्ये बाळाबाईंशी. 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात बुद्धचरित्रावरील मजकूर त्यांच्या वाचनात आला आणि त्यांना त्या ज्ञानाचा ध्यास लागला. १८९९ साली, कन्या माणिक तान्ही असताना, त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असा प्रवास करीत १९०२ मध्ये ते श्रीलंकेत पोहोचले, तेथे श्रामणेर झाले, पुढे ब्रह्मदेशात भिक्षू झाले. मातापित्यांच्या अनुज्ञेचा तो प्रश्न विधीप्रमाणे त्यांनाही विचारला गेला असणार. गोव्यात एका स्त्रीच्या मांडीवर असलेल्या मुलीविषयी विधीत प्रश्न नव्हता.

१९०६ मध्ये चीवर सोडून ते परतले. माणिक तेव्हा सुमारे सात वर्षांची होती. हा आकडा वाचताना अट्ठकथेची आठवण झाल्यावाचून राहत नाही. ३१ जुलै १९०७ रोजी पुत्र दामोदर यांचा जन्म झाला. घरी परतले म्हणजे संसारात रमले असे मात्र नाही. कलकत्त्यास पालिचे अध्यापन, मग ते सोडून मराठीत बौद्ध वाङ्मय लिहिता यावे यासाठी सयाजीराव गायकवाडांकडून महिना ५० रुपयांची वृत्ती, मग १९१० मध्ये अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात 'विसुद्धिमग्गा'च्या संपादनाचे काम. तेथे प्राध्यापक लॅनमन यांच्याशी श्रेयावरून मतभेद झाले आणि १९१२ मध्ये ते परत आले. धर्मानंद कोणापुढे वाकणारे नव्हते. मानी माणसाचा मानीपणा आपण चरित्रात वाचतो तेव्हा तो तेजस्वी वाटतो. त्याचे हप्ते घर फेडत असते.

१९१२ ते १९१८ पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात पालिचे अध्यापन झाले. १९१८ मध्ये ते पुन्हा अमेरिकेस निघाले आणि या वेळी माणिक व दामोदर यांना त्यांनी बरोबर नेले. बाळाबाई मागे राहिल्या. ज्या मुलीला तान्ही टाकून पिता गेला होता, तिलाच त्याने रॅडक्लिफ महाविद्यालयात शिकविले. त्या काळी मराठी घरातील किती मुलींना हे लाभले? दायज्ज मिळाले, उशिरा मिळाले, आणि ते विद्येच्या रूपाने मिळाले. १९२२ मध्ये पिता मायदेशी परतला तेव्हा पंधरा वर्षांचा दामोदर शिक्षणासाठी तेथेच राहिला.

धर्मानंदांचे 'निवेदन' हे आत्मकथन १९२४ साली प्रसिद्ध झाले. मराठी आत्मचरित्रांत त्याचे स्थान उच्च आहे आणि स्वतःच्या दोषांविषयी ते आडपडदा ठेवीत नाही. तरी ते ज्ञानाच्या शोधाचे पुस्तक आहे. मागे राहिलेल्यांचे दिवस कसे गेले हे त्यात शोधणारा वाचक रिकाम्या हाताने परततो. आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते ते १९४० च्या सुमारास आलेले त्यांचे 'भगवान बुद्ध'. वृद्ध, आजारी, प्रेत आणि परिव्राजक या चार दृश्यांची कथा त्यांनी तेथे बाजूस सारली. सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्ताच्या आधारे, शस्त्र हाती घेऊन परस्परांवर उठलेल्या समाजाविषयीच्या उद्वेगातून गृहत्याग झाला, असे मांडले. मध्यरात्री पत्नी-पुत्राला निद्रिस्त टाकून निघून जाण्याची कथाही त्यांनी मान्य केली नाही. अरियपरियेसन सुत्ताप्रमाणे आईवडील रडत असताना, त्यांच्या देखत सिद्धार्थाने केस उतरविले, यावर त्यांनी भर दिला. हा निर्णय त्यांनी पुराव्याने घेतला यात शंका नाही. पुरावा त्या बाजूनेच आहे. तरी ज्याने स्वतः तान्ह्या मुलीला सोडून घराबाहेर पाऊल टाकले होते, त्याने हे प्रकरण इतक्या बारकाईने तपासावे याकडे दुर्लक्ष करणे आम्हांस जमत नाही. लेखकाने तेथे स्वतःविषयी अक्षर लिहिलेले नाही, आणि आम्हीही त्यांच्या मनाविषयी अधिक लिहू इच्छीत नाही.

धर्मानंदांचे पुढील जीवन सार्वजनिक झाले. गुजरात विद्यापीठ, मिठाचा सत्याग्रह, १९३७ मध्ये मुंबईच्या परळ भागात श्रमिकांसाठी 'बहुजन विहार'. शरीर कामास येत नाही असे वाटू लागल्यावर अन्नत्याग करून ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांनी देह ठेवला. निघण्याचा निर्णय याही वेळी त्यांचाच होता.

पुत्र दामोदर यांचे नाव आमच्या तालुक्यांशी वेगळ्या वाटेने जोडलेले आहे. मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याने वैशाखरे ओलांडले की, नाणेघाटाची चढण लागते. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. कल्याण-सोपाऱ्याहून जुन्नरकडे जाणारे तांडे याच वाटेने चढत. या व्यापारी मार्गांचा आणि कार्ले, भाजे, जुन्नर येथील लेण्यांचा परस्परसंबंध दामोदर कोसंबींनी पायी हिंडून, दगड-गोटे तपासून मांडला. पित्याने बौद्ध धम्म सुत्तांतून वाचला. पुत्राने तो घाटवाटांतून, दानलेखांतून, नाण्यांच्या वजनातून वाचला. विहार कोठे उभा राहिला, धान्य कोठून आले, व्यापाऱ्याला त्यात काय रस होता, हे प्रश्न पित्याच्या ग्रंथांत क्वचित आहेत. १९५६ चा त्यांचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची प्रस्तावना करणारा इंग्रजी ग्रंथ या दृष्टीचा पाया आहे. व्यवसायाने ते गणिती. पित्याने जेथे पालि शिकविली त्याच फर्ग्युसनमध्ये १९३३ पासून बारा वर्षे त्यांनी गणित शिकविले, नंतर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केले. स्पष्टवक्तेपणा आणि तापटपणा यांसाठी ते प्रसिद्ध होते. म्हणजे वारशात केवळ विद्या आली नव्हती. २९ जून १९६६ रोजी त्यांचे निधन झाले.

प्रसिद्ध पित्याच्या सावलीत पुत्र खुरटतो, असा समज आहे. कोसंबींच्या घरी तो खरा ठरला नाही, याचे एक कारण आम्हांस असे दिसते की, पुत्राने पित्याचा विषय टाळला नाही आणि पित्याची पद्धतही उचलली नाही. हार्वर्ड प्राच्य ग्रंथमालेतील दोन खंड येथे सांगण्याजोगे आहेत. ज्यासाठी धर्मानंद पुनःपुन्हा समुद्र ओलांडून गेले, तो 'विसुद्धिमग्ग' अखेर १९५० साली, त्यांच्या मृत्यूनंतर, त्या मालेचा ४१ वा खंड म्हणून छापला गेला. ४२ वा खंड १९५७ मध्ये आला. तो विद्याकर या बौद्ध पंडिताने केलेला 'सुभाषितरत्नकोष' हा संस्कृत संग्रह. संपादक दामोदर कोसंबी आणि वा. वि. गोखले. ग्रंथालयाच्या फळीवर पिता-पुत्र शेजारी उभे आहेत.

तिसऱ्या पिढीतील मीरा कोसंबी या समाजशास्त्रज्ञ. आजोबांचे निवडक लेखन त्यांनी २०१० मध्ये इंग्रजीत आणले आणि २०१३ मध्ये वडिलांच्या अपरिचित पैलूंविषयीचा ग्रंथ संपादित केला. २०१५ साली त्या वारल्या. त्यांच्या अभ्यासाचा दुसरा मोठा विषय पंडिता रमाबाई हा होता, हे येथे जाता जाता नोंदवावेसे वाटते. रमाबाई आणि त्यांची एकुलती कन्या मनोरमा ही देखील असामान्य आई आणि तिच्या कार्यात लहानपणापासून जुंपली गेलेली मुलगी यांचीच कथा आहे. मनोरमा आईच्या आधी, १९२१ मध्ये, वारली. प्रखर पूर्वजांच्या घरात वाढलेल्या विदुषीने हा विषय हाती घ्यावा यात आम्हांस नवल वाटत नाही.

आमच्या वाचकांच्या मनात एव्हाना आणखी एक नाव आले असेल. भय्यासाहेब, अर्थात यशवंतराव आंबेडकर, यांचा जन्म १२ डिसेंबर १९१२ चा. पुढील जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले होते. पाच अपत्यांपैकी चार बाळपणीच गेली; उरला तो हा एक मुलगा. पिता कोट्यवधींचा 'बाप' झाला, तेव्हा ज्याचा तो खरोखर बाप होता त्याच्या वाट्यास किती आला, हा प्रश्न विचारण्याने बाबासाहेबांच्या थोरवीस उणेपणा येत नाही. रमाईंनी त्या वर्षांत काय सोसले हे आपण गाण्यांतून गातो. मुलाने काय सोसले याचे गाणे नाही. १९५६ नंतर भारतीय बौद्ध महासभेचे काम भय्यासाहेबांनी खांद्यावर घेतले आणि चैत्यभूमीवरील स्तूप त्यांच्या पुढाकाराने उभा राहिला. १७ सप्टेंबर १९७७ रोजी ते गेले. दरवर्षी ६ डिसेंबरला शहापूर-मुरबाडहून रात्रीच्या गाड्यांनी दादरला जाणारे आपले लोक ज्या वास्तूपुढे रांग लावतात, ती मुलाने पित्यासाठी उभारली, हे त्यांतील किती जणांना ठाऊक असते?

नाणेघाटाच्या लेण्यात भिंतीवर सातवाहन कुलातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. मूर्ती नष्ट झाल्या, वरची नावे उरली. राजा सिमुक, राणी नागनिका आणि श्रीसातकर्णी, एक महारठी, आणि त्यांच्या ओळीत तीन 'कुमार'. थोरल्या लेखात राणीने यज्ञांची आणि दानाची मोठी यादी दिली आहे. गाई, हत्ती, घोडे, कार्षापण यांचे आकडे आहेत. कुमारांविषयी ते कुमार होते यापलीकडे त्या नावांच्या पट्टीवर काही नाही. वर्षावासानंतर आमच्या अभ्यासवर्गाची सहल तेथे गेली तेव्हा ती मुलगीही आली होती. अक्षरे लावून वाचताना 'कुमारो' हा शब्द तिने तिन्ही ठिकाणी बोट ठेवून ओळखला.

तिला आम्ही अखेर जे सांगितले ते एवढेच. राहुलला कोणी विचारले नाही, हे खरे. परंतु ज्यांनी त्रिपिटक जतन केले त्यांनी त्याची मागणी, त्याच्या आजोबांची तक्रार आणि त्याची शौचकुटीतील रात्र गाळून टाकली नाही. शास्त्याची अप्रतिष्ठा होईल म्हणून ती पाने फाडली नाहीत. दोनदा नियम बदलले ते या घरातल्या माणसांचे ऐकून. तेव्हा हा प्रश्न विचारणे धम्माबाहेरचे नाही, आणि तो घरी विचारणे तर मुळीच नाही.

तिचे वडील त्या दिवशी बैठकीसाठी शहापूरला गेले होते. किन्हवली-सरळगाव रस्त्याने ते रात्री उशिरा परतले. मुलगी जागी राहिली होती आणि तिने त्यांना विचारले, असे पुढे तिच्या आईकडून कळले. ते काय म्हणाले, हे आम्ही विचारले नाही.